विहिरीला पेट्रोलचा वास, रिपोर्टमध्ये मात्र 'बीडीएल'. भूजलातलं तेल तपासायचं तरी कसं?

बांधावरून

नमस्कार मंडळी. भूजलातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया वेळ काढून वाचा.

विहीर चुलत्यांची. ४५ फूट खोल, वरचे पंधरा-सोळा फूट माती आणि मुरूम, खाली कातळ. रस्त्यापलीकडे अंदाजे दीडशे मीटरवर पेट्रोल पंप आहे. यंदा उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तसा मोटर चालू केली की पेट्रोलसारखा वास यायला लागला. सकाळचं पहिलं पाणी जास्त वास मारतं. गुरं तोंड लावून मागे होतात. पाण्यावर तवंग कधी दिसतो, कधी नाही.

नेहमीची पाणीतपासणी करून घेतली. टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड सगळं मर्यादेत, शेरा 'पिण्यायोग्य'. मग एका खासगी लॅबकडून 'ऑइल अँड ग्रीस' तपासलं, तर उत्तर 'बीडीएल', म्हणजे यंत्राच्या शोधमर्यादेखाली. पंपवाले म्हणतात रोज डिप घेतो, म्हणजे टाकीत काठी बुडवून साठा मोजतो, गळती नाही. ज्या कार्यालयात अर्ज दिला तिथे सांगतात, दूषित असल्याचा रिपोर्ट जोडा. तो आणायचा कुठून?

आणखी एक कोडं आहे. आमच्या शेजारी दोन विहिरी आहेत. त्यातली एक पंपाच्या आमच्यापेक्षाही जवळ आहे, पण तिला वास नाही. पंपवाल्यांचा सगळा भर त्याच विहिरीवर आहे. घरातली लहान मुलं हेच पाणी पीत आली आहेत, त्यामुळे जिवाला घोर लागलाय.

रसायनी

बांधावरून, तपासणीचं नंतर बघू. आधी आज करायच्या गोष्टी.

पिण्याला आणि स्वयंपाकाला हे पाणी बंद करा. उकळून पिऊ, हा विचार तर अजिबात नको. उकळताना बेंझिनसारखी द्रव्यं हवेत जातात आणि बंद स्वयंपाकघरात ती आपल्याच नाकात जातात. गरम पाण्याच्या आंघोळीलाही तेच लागू. आणि विहिरीत कुणालाही उतरू देऊ नका, गाळ काढायला नाही आणि फूटव्हॉल्व्ह बघायलाही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. काठावर विडी-काडी नको.

आता तुमचा बीडीएल. 'ऑइल अँड ग्रीस'च्या नेहमीच्या वजनी पद्धतीत पाण्यातलं तेल हेक्झेनसारख्या द्रावकात ओढून घेतात, मग द्रावक उडवून लावतात आणि भांड्यात उरलेल्याचं वजन करतात. द्रावकाबरोबर पेट्रोलही उडून जातं. वंगण, खाद्यतेल, जड तेल यांच्यासाठी ही चाचणी ठीक आहे, पेट्रोलसाठी निरुपयोगी. तुमचा रिपोर्ट खोटा नाही, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

तुम्हाला हवं ते बीटेक्स: बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन. सोबत नॅफ्थॅलिन, आणि पेट्रोलच्या व डिझेलच्या पट्ट्यातले एकूण हायड्रोकार्बन वेगवेगळे मागा. चाचणी जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर, पर्ज अँड ट्रॅप किंवा हेडस्पेस (पाण्यातली उडणारी द्रव्यं वायुरूपात काढून घ्यायच्या पद्धती) जोडून. 'एनएबीएल आहे का', म्हणजे लॅबला राष्ट्रीय मान्यता आहे का, एवढं विचारून थांबू नका. प्रत्येक लॅबचा स्कोप, म्हणजे कोणत्या चाचण्यांना मान्यता आहे त्याची यादी, प्रसिद्ध असतो, त्यात 'पाणी' या गटाखाली बेंझिन आहे का ते बघा आणि शोधमर्यादा किती ते लेखी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेत ५. लॅबची शोधमर्यादाच ५० असेल, तर त्यांच्या बीडीएलला काय अर्थ? पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकाच्या, आयएस १०५००च्या, २०१२च्या आवृत्तीत खनिज तेलाला लिटरला ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, बेंझिनची वेगळी ओळ नाही. म्हणून सांगितल्याशिवाय ते कुणी तपासत नाही.

वासाबद्दलही एक सांगते. पाण्यातल्या बेंझिनचा वास माणसाला लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास यायला लागतो, म्हणजे मर्यादेच्या हजारपट झाल्यावर. तुम्हाला येतोय तो बहुधा त्याच्या भावंडांचा, इथाइलबेंझिन वगैरेंचा. ती फार कमी प्रमाणातही नाकाला कळतात. वास गेला म्हणजे बेंझिन गेलं, असं कधी धरू नका. बेंझिन माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे.

जुना_पंपवाला

या धंद्यात बरीच वर्षं काढली म्हणून लिहितो. कुणाची बाजू घेत नाही.

डिप घेणारा माणूस प्रामाणिक असला तरी डिपवरून बारीक गळती कळत नाही. तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की पेट्रोल साधारण हजारात एक भाग फुगतं. २० हजार लिटरच्या टाकीत पाच अंशांचा फरक पडला की शंभरेक लिटर इकडचे तिकडे होतात. त्यात काठी जरा तिरकी गेली, टँकर उतरवून नीट निवू दिलं नाही, की झालं. रोज चार-पाच लिटर मुरत असतील तर ते रोजच्या वहीत दिसणारच नाहीत. सहा महिन्यांची तूट-वाढ एकाखाली एक मांडली, तर दिसतात. नुसता मोजणीचा फरक असेल तर कधी वाढ कधी तूट असते. सारखी तूटच निघत असेल तर काहीतरी आहे.

आणि सगळे टाकीकडेच बघतात. माझा अनुभव असा की टाकीपेक्षा पाइपाचे सांधे, मशीनखालचा खड्डा आणि टँकर उतरवायचं तोंड इथे जास्त सांडतं. टाकी आणि पाइपलाइन दोन्हींची दाबचाचणी वेगवेगळी मागा. टाकी एकपदरी की दुपदरी, कोणत्या साली पुरली, तेही विचारा.

माळावरची

एक शंका. विहिरीवर पूर्वी डिझेल इंजिन होतं का? आमच्याकडे असाच बोभाटा झाला आणि शेवटी इंजिनच्या ओट्याखालची जमीन डिझेलने भिजलेली निघाली.

तवंगाची खात्री घरच्या घरी करता येते. काडीने तवंग मोडून बघा. लोहाच्या जिवाणूंचा असेल तर काचेसारखे तुकडे होतात आणि तसेच राहतात. तेलाचा असेल तर फिरून पुन्हा जुळतो.

बांधावरून

रसायनीताई, पाणी बंद केलं, टँकर लावलाय. माळावरची, इंजिन होतं, पण वीज आल्यावर काढलं त्याला खूप वर्षं झाली. तवंग काडीने मोडला, परत जुळला.

रसायनी

इंजिनचं डिझेल की पंपाचं पेट्रोल हे क्रोमॅटोग्रामवरून, म्हणजे जीसी-एमएसच्या आलेखावरून कळतं. पेट्रोलची शिखरं सुरुवातीलाच दाटीने येतात, डिझेलचा लांब फुगवटा पुढे पसरतो, वंगण त्याच्याही पुढे. म्हणून लॅबकडून नुसता आकडा न घेता आलेखाची प्रत घ्या. जुनं मुरलेलं डिझेल आणि ताजं पेट्रोल यांची गल्लत सहसा होत नाही.

उमाळा

सगळे प्रतिसाद चांगले आलेत. मी भूवैज्ञानिक आहे, दख्खनच्या बेसाल्टमध्येच काम करतो. जवळची विहीर स्वच्छ आणि लांबची दूषित, याचं मला नवल वाटत नाही.

वाळूच्या जमिनीत दूषित पाणी उताराच्या दिशेने एका पट्ट्यासारखं सरकतं आणि त्याचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे लाव्ह्याचे थर एकावर एक आहेत. मधे कुठे लाल गेरूचा पट्टा, कुठे पोकळ्यांचा मऊ खडक, कुठे सलग कातळ, आणि पाणी वाहतं ते मुरमातून आणि भेगांतून. पंपाखालची भेग तुमच्या विहिरीच्या उमाळ्याला जोडलेली असेल आणि जवळच्या विहिरीचा उमाळा दुसऱ्याच बाजूने येत असेल, तर अंतराला काही अर्थ राहत नाही. त्यात उपशाची भर. ज्याची मोटर जास्त चालते तो आजूबाजूचं पाणी आपल्याकडे ओढतो. रब्बीत तुम्ही किती तास उपसता आणि शेजारी किती, हे विचारून लिहून ठेवा.

पाण्याची दिशा काढणं तुमच्याही हातात आहे. एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी घ्या. एकाच दिवशी, सगळ्या मोटरी आदल्या रात्रीपासून बंद ठेवून, काठावरच्या ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मोजणीदाराकडून डंपी लेव्हलने त्या खुणांची उंची काढून घ्या. मोबाइलवरच्या नकाशाची उंची चालणार नाही, तिच्यात काही मीटरची चूक असू शकते आणि आपला प्रश्न कित्येकदा अर्ध्या मीटरचा असतो.

पुढची गोष्ट स्वस्त आहे आणि फार उपयोगी, पण कुणी करत नाही. तिन्ही विहिरींचं नायट्रेट, लोह आणि सल्फेट तपासा. जमिनीतले जिवाणू पेट्रोल खाताना आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग खडकातलं लोह विरघळवतात, मग सल्फेट, शेवटी मिथेन बनतो. युरियाच्या पट्ट्यात विहिरींना नायट्रेट असतंच. शेजारच्या दोन विहिरींत ते भरपूर आणि तुमच्यात जवळपास नाहीसं, वर लोह वाढलेलं, असं निघालं तर जमिनीखाली काहीतरी खाल्लं जातंय. हा पुरावा एकटा पुरत नाही, पण जीसी-एमएसच्या पैशांसाठी कुणाला पटवायचं तर हा कागद कामी येतो.

ऋतूचं मात्र नीट समजून घ्या. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, पाण्याच्या पातळीवर बसतं. मे महिन्यात पातळी उतरते तेव्हा तेही खाली येतं आणि वाटेतल्या मुरमाला चिकटत जातं. पावसाळ्यात पातळी चढली की त्यातलं बरंचसं पाण्याखाली अडकतं. मग वरचा तवंग नाहीसा होतो आणि लोक म्हणतात, साफ झालं! अडकलेलं तेल तिथेच असतं, हळूहळू विरघळत राहतं. आपल्याकडे मे ते ऑक्टोबर पातळी कित्येक मीटर वरखाली होते, म्हणून हा माखलेला पट्टाही तेवढाच जाड. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून अनेकदा मोजते ते उगाच नाही. तुमच्या पाण्याचे नमुनेही किमान मे आणि ऑक्टोबर असे, सलग काही वर्षं घ्यायला हवेत.

पॅसिफिकपार

मी अमेरिकेच्या हवाई राज्यात ओआहू बेटावर राहतो, होनोलुलूजवळ. हा धागा वाचून राहवलं नाही.

इथे रेड हिल नावाच्या डोंगरात अमेरिकी नौदलाच्या २० भूमिगत इंधन टाक्या, प्रत्येकी १.२५ कोटी गॅलनच्या, म्हणजे पावणेपाच कोटी लिटर. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या. खाली जेमतेम १०० फुटांवर बेटाचा गोड्या पाण्याचा साठा, आणि खडक तुमच्यासारखाच बेसाल्ट. २०१४ मध्ये ५ क्रमांकाच्या टाकीतून सुमारे २७,००० गॅलन इंधन गेलं. मग निरीक्षण विहिरी वाढल्या, अहवाल आले, वाद चालू राहिले.

मे २०२१ मध्ये पाइपलाइन फुटली. सुरुवातीला हजारेक गॅलन सांडल्याचं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात २० हजार गॅलनच्या आसपास इंधन अग्निशमनाच्या निचरा पाइपात जाऊन बसलं होतं. जुना_पंपवाला म्हणतात तीच गोष्ट: हिशेबातल्या तुटीचा माग शेवटपर्यंत काढला गेला नाही. २० नोव्हेंबरला एका गाडीची धडक बसून तो पाइप फुटला आणि इंधन पाणी उपसायच्या विहिरीपर्यंत पोचलं. त्या यंत्रणेवर सुमारे ९३ हजार लोक अवलंबून होते. नळाला इंधनाचा वास येतो, मुलांना पुरळ उठतंय, पोटं बिघडताहेत, अशा तक्रारी सुरू झाल्या. पाणी असुरक्षित असल्याचं तातडीने काही दिसत नाही, असं नौदलाने आधी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या आरोग्य खात्याने ते पाणी वापरू नका म्हणून सांगितलं. डिसेंबरमध्ये त्या विहिरीच्या नमुन्यात डिझेल पट्ट्यातले हायड्रोकार्बन राज्याच्या मर्यादेच्या ३५० पट निघाले. शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने स्वतःची हालावा विहीर लगेच बंद केली. तिच्यात इंधन सापडलं होतं म्हणून नव्हे. ती उपसत राहिलो तर दूषित पाणी आपल्याकडे ओढलं जाईल, ही भीती. शहरी होनोलुलूचं एकपंचमांश पाणी त्या एका विहिरीचं होतं, तरीही बंद केली. मार्च २०२२ मध्ये टाक्या कायमच्या बंद करायचा आदेश निघाला.

इथे तज्ज्ञ होते, यंत्रं होती, निरीक्षण विहिरी होत्या. तरी पहिली खबर नळावरच्या आयांनी दिली. तुम्हाला गुरांवरून जे कळलं, ते नोंदवहीत तारखेसकट लिहा.

सरळमार्गी

एवढं सगळं कशाला? तेल खाणारे जिवाणू मिळतात, विहिरीत सोडा, सहा महिन्यांत साफ. निसर्ग आपोआप करतो हे वर लिहिलंच आहे की.

उमाळा

सरळमार्गी, गळती चालू आहे का हे कळायच्या आधी काहीही सोडणं म्हणजे फुटलेली घागर न बुजवता भरत बसणं.

निसर्ग करतो हे खरं, पण किती वेळात? अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ला कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली, सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. बरंचसं उपसून, जाळून काढलं, तरी चारेक लाख लिटर जमिनीत राहिलं. १९८३ पासून तिथलं भूवैज्ञानिक सर्वेक्षण त्या जागेचा अभ्यास करतंय. जिवाणू काम करताहेत हे तिथेच सिद्ध झालं, आणि चार दशकांनंतरही जमिनीत तेल आहे हेही तिथेच दिसतं. तुटून अर्धवट बदललेली सेंद्रिय द्रव्यं बेंझिनच्याही पुढे पोचतात हेसुद्धा तिथलंच. नैसर्गिक शुद्धीवर विसंबायचं तर उलट जास्त काटेकोर देखरेख लागते.

आपल्याकडे आता आणखी एक भानगड आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेलं. जिवाणूंना इथेनॉल सोपं, ते आधी खातात आणि ऑक्सिजन त्यातच संपतो. बेंझिन मागे राहतं, लांबवर जातं. जुन्या पेट्रोलवरचे अंतराचे ठोकताळे जसेच्या तसे लावू नका.

कायद्याचं_बघू

'रिपोर्ट जोडा' याला उत्तर आहे. जल कायदा १९७४च्या कलम २१ खाली विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा अधिकार प्रदूषण मंडळालाच आहे. अर्जात त्या कलमाचा उल्लेख करून नमुना घ्यायची विनंती करा आणि कोणकोणते घटक तपासायचे ते नावानिशी लिहा. पोच घ्या. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले आहेत. संशयित जागा कळवण्यात जिल्हा प्रशासन आणि स्थानिक संस्थांना भूमिका आहे, प्राथमिक तपासणी राज्य मंडळाची, आणि दोषी ठरला तर सफाईचा खर्च त्याचा. ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या, एकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन असतं. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

चेन्नईचं तोंडियारपेट बघा. २०१३ मध्ये वस्तीतल्या बोअरना तेल यायला लागलं, रहिवासी न्यायाधिकरणात गेले, भूमिगत पाइपलाइनची गळती पुढे आली आणि आयआयटी मद्रासला कामाला लावलं गेलं. तिथेही सुरुवात वासाच्या तक्रारीनेच झाली होती.

बांधावरून

थोडं लांबलं, पण कळवतो. उमाळा, तुम्ही सांगितलं तसं तिन्ही विहिरींचं नायट्रेट आणि लोह केलं. शेजारच्या दोन्हींत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर, आमच्यात जवळजवळ नाही. लोह आमच्यात भरपूर. तो कागद ग्रामसभेत ठेवला, ठराव झाला आणि तपासणी करायचं ठरलं. आता बीटेक्सचा नमुना घ्यायचाय, आणि पंप आणि विहीर यांच्या मधे तीन निरीक्षण बोअर घ्यायचं चाललंय. बोअरची गाडी गावातलीच आहे. काय काळजी घेऊ?

रसायनी

नमुन्याचं मी सांगते. लॅबकडून ४० मिलीच्या काचेच्या कुप्या घ्या, टेफ्लॉनच्या चकतीचं झाकण असलेल्या. त्यात आम्लाचे थेंब आधीच असतात, म्हणून कुपी विसळू नका. मोटरच्या धारेखाली धरू नका, तिथे निम्मं उडून जातं. बेलर (दोरीने सोडायची नमुन्याची नळी) उमाळ्याच्या पातळीपर्यंत हळू सोडा, वर काढा, कुपीच्या कडेने पाणी ओता, इतकं की तोंडावर फुगीर थेंब उभा राहील. मग झाकण लावा. कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती बाद, दुसरी भरा. लगेच बर्फात. आम्ल घातलेला नमुना १४ दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे, पण तुम्ही दुसऱ्या दिवशीच पोचवा.

लॅबकडून शुद्ध पाण्याची एक बंद कुपीही मागा. ती न उघडता नमुन्यांबरोबर फिरवायची. आइसबॉक्स मोटारसायकलच्या टाकीवर बांधून नेला आणि वाफ कुप्यांत शिरली, तर ती कुपी ते सांगून जाते. त्या दिवशी गाडीत पेट्रोल भरून त्याच हातांनी नमुना घेऊ नका.

उमाळा

नायट्रेटचा निकाल बोलका आहे. आता बोअरचं.

आपल्या गाड्यांचा हॅमर हवेवर चालतो आणि त्या हवेत वंगणतेल सोडतात. ते थेट बोअरमध्ये जातं. शोधायचं तेल आणि आपणच तेल ओतणार! गाडीवाल्याला वनस्पती तेलाचं वंगण वापरायला सांगा, काय वापरलं ते लिहून घ्या आणि त्याचा नमुना बाटलीत ठेवा. केसिंग चुडीचं घ्या. पीव्हीसी चिकटवायच्या सोल्युशनमधली द्रावकं नमुन्यात उतरतात.

प्रत्येक ठिकाणी खोल उघडं बोअर नको. तसं बोअर वरचं दूषित पाणी खालच्या स्वच्छ थरात नेऊन सोडतं. मुरमासाठी एक उथळ आणि भेगांच्या कातळासाठी एक खोल, अशी जोडी करा. उथळची जाळी मेच्या पातळीच्या खालपासून ऑक्टोबरच्या पातळीच्या वरपर्यंत हवी, नाहीतर तरंगतं तेल जाळीत येणारच नाही. खोलच्या जाळीच्या वर बेंटोनाइटची, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीची सील. पैसे कमी असतील तर तीन ठिकाणांऐवजी दोनच घ्या, पण जोडीने. आणि त्याआधी वर सांगितलेल्या पातळ्या मोजून दिशा काढा. दिशा न काढता पाडलेलं बोअर पुन्हा बीडीएलच देईल आणि तोच कागद तुमच्याविरुद्ध वापरला जाईल.

एक बोअर पंपाच्या चढाच्या बाजूला हवंच, तुलनेसाठी. बोअर पाडल्यावर ते नीट उपसून स्वच्छ करा, मग एक-दोन आठवडे थांबून नमुना. बोअरमध्ये तेलाचा थर सापडला तर त्याची जाडी इंटरफेस प्रोबने (तेल आणि पाणी कुठे सुरू होतं ते दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजा. जमिनीतल्यापेक्षा बोअरमध्ये थर जाड दिसतो, म्हणून त्यावरून किती लिटर सांडलं याचा हिशेब कुणी मांडला तर मान्य करू नका.

केसिंगच्या टोकाची उंची मोजणीदाराकडून काढून, त्यावर त्याची सही घेऊन ठेवा. पातळ्या आणि आलेख आले की इथेच टाका, दिशेचा नकाशा मी काढून देतो.